कॉल पार्किंग बसवताना: नंबर, दिवे आणि परत येणारा कॉल

बाहेरून फोन येतो. ज्यांच्यासाठी आला ते जागेवर नाहीत. गोदामात असतील, मीटिंग रूममध्ये असतील, नाहीतर वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी टेबलापाशी उभे असतील. रिसेप्शनवरून कॉल होल्डवर जातो आणि शोधाशोध सुरू होते. माणूस सापडतो, पण बोलायला त्याला रिसेप्शनपर्यंत यावं लागतं, कारण होल्डवरचा कॉल त्या एकाच फोनला बांधलेला असतो. ट्रान्सफर करायचा तर माणूस कुठल्या एक्सटेन्शनपाशी, म्हणजे ऑफिसातल्या कुठल्या अंतर्गत नंबराच्या फोनपाशी आहे हे ठाऊक हवं, आणि नेमकं तेच ठाऊक नसतं.

कॉल पार्क केला की तो फोनवर राहत नाही, सिस्टीमकडे जातो. सिस्टीम त्याला एक स्लॉट देते, समजा ७१. मग ऑफिसातल्या कुठल्याही फोनवरून ७१ दाबलं की कॉल तिथे येतो. तोवर रिसेप्शनचा फोन पुढचा कॉल घ्यायला मोकळा. चार टेबलांच्या एका खोलीतल्या ऑफिसला याची गरज नाही, तिथे साधं ट्रान्सफर पुरतं. माणसं जागा सोडून फिरत असतील, किंवा एका फोनवर अनेक जणांचे कॉल येत असतील, तिथे पार्किंगचा खरा उपयोग आहे.

सेटिंगचं काम फार नाही. बिघडतं ते एकाच ठिकाणी: पार्क केलेला कॉल कुणीच उचलला नाही तर तो कुठे जाणार, हे कुणी ठरवलेलं नसतं. म्हणून या लेखात सर्वात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

नंबर ठरवणं

सिस्टीममध्ये लॉगिन करण्याआधी सध्याच्या एक्सटेन्शनची यादी समोर घ्या. पार्किंगला दोन गोष्टी लागतात: कॉल पार्क करायला दाबायचा एक नंबर आणि त्यापुढचे सलग स्लॉट. ॲस्टरिस्क या फोन सिस्टीम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नमुना फाइलमध्ये ७०० हा पार्क करायचा नंबर आणि ७०१ ते ७२० हे स्लॉट असतात. ॲस्टरिस्कची सेटिंग पडद्यावरून करू देणारं फ्रीपीबीएक्स ७० आणि ७१ ते ७८ सुचवतं. दोन्ही चालतात, पण तुमची एक्सटेन्शन ७ ने सुरू होणारी तीन आकडी असतील तर दोन आकडी पार्किंग घेऊ नका. ७१५ लावणाऱ्याने ७१ दाबताच फोन तेवढ्यावरच नंबर लावून मोकळा होऊ शकतो, विशेषतः जुन्या ॲनालॉग फोनवर. मग ७१५ ला फोन लावणाऱ्याच्या कानात भलत्याच ग्राहकाचा ‘हॅलो’ येतो.

तसंच बाहेरची लाइन घेण्यासाठी जो आकडा आधी दाबावा लागतो, त्याने सुरू होणारा नंबर टाळा. आपत्कालीन सेवांच्या नंबरांशीही कुठे गाठ पडत नाही ना, ते पाहा.

स्लॉट किती ठेवायचे? पार्क केलेला कॉल बाहेरच्या लाइनवरचं चॅनल अडवूनच बसतो. तुमच्या एसआयपी ट्रंकवर, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या बाहेरच्या लाइनवर, एका वेळी सहा कॉल चालत असतील तर बाहेरचे सहाहून जास्त कॉल पार्क होणंच शक्य नाही; वीस स्लॉट ठेवून काही मिळत नाही. आणि ते सहाच्या सहा पार्क होऊन बसले, तर सातव्या ग्राहकाला लाइन व्यस्त मिळेल. एका मजल्याच्या ऑफिसला चार स्लॉट पुष्कळ होतात. माझं मत विचाराल तर फोनवर जितकी बटणं मोकळी आहेत तितकेच स्लॉट ठेवावेत. ज्या स्लॉटचा दिवा कुणाला दिसत नाही, त्यातला कॉल विसरला जातो.

फ्रीपीबीएक्सवर मांडणी

लहान-मध्यम ऑफिसांत ॲस्टरिस्क आणि त्यावरचं फ्रीपीबीएक्स बरंच दिसतं, म्हणून उदाहरण त्याचंच घेतो. दुसऱ्या सिस्टीमवर शब्द बदलतील, प्रश्न हेच राहतील.

‘ॲप्लिकेशन्स’ मेन्यूमध्ये ‘पार्किंग’ उघडा. डिफॉल्ट लॉट (स्लॉटचा एक संच) आधीच तयार असतो, त्यात बदल करायचे. पार्किंग लॉट एक्सटेन्शन ७०, सुरुवातीचा स्लॉट ७१ आणि स्लॉटची संख्या आपण ठरवली ती, म्हणजे ४. एकापेक्षा जास्त लॉट हवे असतील, म्हणजे विक्रीचा वेगळा आणि सर्व्हिसचा वेगळा, तर त्यासाठी पैसे मोजून घ्यायचं वेगळं मॉड्यूल आहे. बहुतेकांना एक लॉट पुरतो.

‘फाइंड स्लॉट’ या सेटिंगला दोन पर्याय आहेत, ‘फर्स्ट’ आणि ‘नेक्स्ट’. फर्स्ट ठेवलं की सिस्टीम दर वेळी सर्वात आधीचा रिकामा स्लॉट देते. दिवसभरातले बहुतेक कॉल ७१ वरच येतात. नेक्स्ट ठेवलं की शेवटी दिलेल्या स्लॉटच्या पुढचा मिळतो. फरक बारीक वाटतो, पण परिणाम मोठा. स्पीकरवरून पुकारा करणाऱ्या ऑफिसात समजा ‘७१ वर कॉल’ असं सांगितलं. तो ग्राहक कंटाळून फोन ठेवतो, तेवढ्यात दुसरा कॉल त्याच ७१ मध्ये येतो, आणि पहिला पुकारा ऐकून धावत आलेला माणूस दुसऱ्याच ग्राहकाशी बोलू लागतो. अशा ठिकाणी नेक्स्ट घ्या. फोनवर दिवे बघून कॉल उचलणाऱ्या ऑफिसात मात्र फर्स्ट सोयीचं, कारण नजर नेहमी त्याच बटणावर जाते.

‘बीएलएफ कॅपेबिलिटीज’ चालू करा. बीएलएफ म्हणजे दुसरा नंबर मोकळा की व्यस्त हे दिव्याने दाखवणारं बटण. याशिवाय फोनवरचे दिवे लागणार नाहीत.

‘पार्क्ड म्युझिक क्लास’मध्ये होल्डचं संगीत निवडा. ते रिकामं किंवा निःशब्द ठेवू नका. थांबलेल्या माणसाला शांतता ऐकू आली की फोन कट झाला असं वाटून तो ठेवून देतो. शिवाय लाइनवर काहीच आवाज जात नसेल तर काही ट्रंक पुरवणारे कॉल मेला असं समजून तो तोडतात. फाइल ८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो अशी करून चढवा; भारी दर्जाचं स्टिरिओ गाणं टेलिफोनच्या लाइनवर फाटकंच ऐकू येतं. आणि गाणं कुठलंही उचलून लावू नका, त्याचा परवाना लागतो. सिस्टीमसोबत आलेलं संगीत रटाळ असलं तरी त्या भानगडीतून सुटका असते.

‘ट्रान्सफर कॅपेबिलिटी’ आणि ‘री-पार्किंग कॅपेबिलिटी’ या दोन सेटिंगनी अनेकांची दिशाभूल होते. पार्क केलेला कॉल उचलल्यावर तो पुन्हा कुणाकडे पाठवता येईल का, पुन्हा पार्क करता येईल का, हे त्या ठरवतात. पण फक्त आकडे आणि चिन्हं दाबून केलेल्या ट्रान्सफरपुरतं, म्हणजे कॉल चालू असताना ## किंवा *२ दाबून. फोनवरच्या ट्रान्सफर बटणाशी त्यांचा संबंध नाही. तुमचे लोक बटणच वापरत असतील तर या सेटिंगकडे बघायचीही गरज नाही. ॲनालॉग फोन किंवा ट्रान्सफर बटण नसलेला सॉफ्टफोन (संगणकावरचा किंवा मोबाइलवरचा फोन-ॲप) वापरात असेल तर कॉल उचलणाऱ्याच्या बाजूने दोन्ही चालू ठेवा.

शेवटी ‘सबमिट’ आणि मग वरचं लाल ‘ॲप्लाय कॉन्फिग’. दुसरं बटण दाबल्याशिवाय सिस्टीम जुन्याच सेटिंगवर चालत राहते.

डायलप्लॅन, म्हणजे कुठला नंबर दाबल्यावर काय घडावं याचे नियम, हाताने लिहिणाऱ्यांसाठी एवढंच: ॲस्टरिस्क १२ पासून पार्किंगचं सेटिंग ‘फीचर्स’ फाइलमधून निघून ‘रेस पार्किंग’ या स्वतंत्र मॉड्यूलच्या फाइलमध्ये गेलं आहे. जुन्या मार्गदर्शिका बघून फीचर्स फाइलमध्ये ओळी टाकल्या तर काही घडत नाही. आणि ‘पार्क्डकॉल्स’ हा कॉन्टेक्स्ट (नियमांचा गट) फक्त अंतर्गत फोनांच्या कॉन्टेक्स्टमध्ये जोडा. बाहेरून येणाऱ्या कॉलच्या कॉन्टेक्स्टमध्ये तो गेला, तर बाहेरचा कुणीही मेन्यू ऐकता ऐकता ७१ दाबून दुसऱ्याचा थांबलेला कॉल उचलू शकेल.

परत येणारा कॉल

‘पार्किंग टाइमआउट’ म्हणजे कॉल स्लॉटमध्ये किती वेळ राहणार. ॲस्टरिस्क आणि फ्रीपीबीएक्समध्ये सुरुवातीचं मूल्य ४५ सेकंद, सिस्कोच्या कॉल मॅनेजरमध्ये ६० सेकंद, मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये ३०० सेकंद. यावरूनच कळतं की याचं सर्वांसाठी एक उत्तर नाही. तीनशे सेकंद म्हणजे सलग पाच मिनिटं तेच संगीत ऐकत बसणं. माझ्या मते हे फार झालं. एका मजल्यावर ४५ ते ६० ठीक आहे. गोदाम, कारखान्याचा फ्लोअर, दोन इमारती असा पसारा असेल तर कुणाला तरी घड्याळ लावून सर्वात लांबच्या कोपऱ्यातून जवळच्या फोनपर्यंत चालत जायला सांगा. जो वेळ लागेल त्यात पुकारा व्हायची पंधरा-वीस सेकंदं मिळवा. नव्वद सेकंदांच्या वर जात असेल तर टाइमआउट वाढवण्यापेक्षा त्या कोपऱ्यात एक फोन बसवणं बरं.

टाइमआउट झाला की काय? ‘कम बॅक टू ओरिजिन’ ‘यस’ असेल तर कॉल ज्या फोनवरून पार्क झाला त्याच फोनवर परत वाजतो. तो फोन व्यस्त असेल तर खालच्या ‘डेस्टिनेशन’मध्ये जे दिलं असेल तिकडे जातो. ‘नो’ असेल तर थेट डेस्टिनेशनकडे.

आता रिसेप्शनचा विचार करा. कॉल पार्क केला, लगेच दुसरा घेतला, त्याच्याशी बोलणं चालू आहे. पहिला परत येतो तेव्हा फोन व्यस्त असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे डेस्टिनेशन हा नेहमीचा रस्ता झाला, आणि तिथेच लोक ‘कॉल बंद करा’ निवडून ठेवतात किंवा पहिल्यापासून जे होतं ते तसंच सोडतात. दीड मिनिट थांबलेल्या ग्राहकाचा फोन अशाने कट होतो. तिथे रिंग ग्रुप द्या, ज्यात रिसेप्शन सोडून आणखी दोन-तीन फोन वाजतील. संध्याकाळी ऑफिस रिकामं होत असेल तर त्या ग्रुपच्या पुढे व्हॉइसमेल ठेवा. मुख्य मेन्यूवर मात्र परत पाठवू नका. ‘विक्रीसाठी एक दाबा’ हे पुन्हा ऐकल्यावर चांगला माणूसही चिडतो.

परत आलेला कॉल ओळखू यायला हवा. नाहीतर रिसेप्शन नव्या कॉलसारखं ‘नमस्कार, बोला’ म्हणणार आणि ग्राहकाला सगळी कहाणी पुन्हा सांगावी लागणार. ‘कॉलर आयडी प्रीपेंड’मध्ये ‘परत’ किंवा फोनचा पडदा देवनागरी दाखवत नसेल तर तशा अर्थाचा छोटा इंग्रजी शब्द टाका. त्यासोबत ‘ऑटो कॉलर आयडी प्रीपेंड’मध्ये ‘स्लॉट’ निवडलं की पडद्यावर कुठल्या स्लॉटमधून आला तेही दिसतं. शब्द जितका लहान तितका चांगला. डेस्क फोनच्या पडद्यावर मोजकीच अक्षरं मावतात आणि ग्राहकाचा नंबर कापला जातो. ‘अलर्ट इन्फो’ वापरून परत आलेल्या कॉलची रिंग वेगळी करता येते, फोन ते मानत असेल तर. ‘अनाउन्समेंट’मध्ये थांबलेल्या माणसासाठी एक वाक्य ठेवता येतं: ‘आपला कॉल पुन्हा जोडत आहोत.’ एवढंच पुरे, आभाराची भाषणं नकोत.

फोनवरची बटणं

पार्क करायला फोनवर एक बटण आणि प्रत्येक स्लॉटला एक बटण, अशी मांडणी करा. येलिंक फोनवर ‘कॉल पार्क’ प्रकारचं बटण घेऊन त्यात ७० भरा आणि पार्कची पद्धत ‘ट्रान्सफर’ ठेवा. पुढची चार बटणं ‘बीएलएफ’ प्रकारची, त्यांत ७१, ७२, ७३, ७४. स्लॉट रिकामा असेल तर दिवा हिरवा, भरला की लाल. लाल बटण दाबलं की कॉल आपल्याकडे. इतर कंपन्यांच्या फोनवर नावं आणि रंग थोडे वेगळे असतील. सर्व फोनांवर ही बटणं त्याच क्रमाने, त्याच जागी ठेवा. एका टेबलावर ७१ वर आणि दुसऱ्यावर खाली असेल तर घाईत चुकीचा कॉल उचलला जाणारच.

पार्क करण्याच्या कृतीतही एक खाच आहे. फोनचं ब्लाइंड ट्रान्सफर, म्हणजे पलीकडचं न ऐकता पाठवणं, वापरून ७० ला पाठवलं तर अनेक फोन लगेच सुटतात, आणि सिस्टीम कुठला स्लॉट दिला हे सांगते ते ऐकायला कुणीच नसतं. दिवे असतील तर चालतं, कुठला लाल झाला ते दिसतं. दिवे नसतील तर आधी विचारून करायचं ट्रान्सफर शिकवा: ट्रान्सफर दाबा, ७० दाबा, ‘सेव्हन वन’ कानावर येऊ द्या, मगच ट्रान्सफर पूर्ण करा. ॲनालॉग फोनवर हेच फ्लॅश, ७०, नंबर ऐकणं आणि रिसीव्हर ठेवणं असं होतं.

कॉल उचलायला नुसतं ७१ दाबायचं. फ्रीपीबीएक्समध्ये *८५ लावून त्यामागे स्लॉट नंबर दाबण्याचीही सोय असते, पण लोकांना दोन मार्ग शिकवू नका.

सिस्को, टीम्स आणि बाकीचे

सिस्को कॉल मॅनेजरमध्ये साध्या कॉल पार्कसाठी नंबरांची रेंज द्यायची, उदाहरणार्थ ५१एक्स. एक्सच्या जागी कुठलाही आकडा. सिस्टीम त्यातला एक निवडून पडद्यावर दाखवते, पण तो सुरुवातीच्या सेटिंगनुसार १० सेकंदच दिसतो, म्हणून लगेच लिहून घ्यायची सवय लागते. दुसरा प्रकार डायरेक्टेड कॉल पार्क, ज्यात स्लॉट आपण निवडायचा आणि कॉल परत घेताना त्या नंबराआधी ठरलेला प्रीफिक्स लावायचा. प्रीफिक्स विसरला की कॉल मिळत नाही, हे लोकांना दहादा सांगावं लागतं.

टीम्समध्ये पार्किंग पॉलिसीतून चालू करावं लागतं. आपोआप चालू नसतं. उचलायचे कोड सुरुवातीच्या सेटिंगनुसार १० ते ९९ दरम्यान मिळतात आणि ओळीने पुढे जातात, म्हणजे वर सांगितलेलं नेक्स्ट तिथे आपसूक आहे. ३०० सेकंदांचं मूल्य १२० पर्यंत खाली आणता येतं, आणि मी तरी ते आणेन.

चाचणी आणि सापडणारे बिघाड

चाचणी ऑफिसातल्या दोन फोनांमध्ये करून भागत नाही. मोबाइलवरून ऑफिसच्या बाहेरच्या लाइनच्या नंबरावर कॉल करा, म्हणजे ट्रंकपासून सगळी साखळी तपासली जाते. पार्क करा, दुसऱ्या मजल्यावरून उचला, दोन्ही बाजूंनी आवाज येतो ना पाहा. मग कॉल पार्क करून कुणीच उचलू नका आणि टाइमआउटची वाट पाहा. पुन्हा तेच, पण या वेळी पार्क करणारा फोन बोलण्यात गुंतवून ठेवा. पार्क असताना मोबाइलवरून फोन ठेवून द्या. दिवा विझला पाहिजे. शेवटी सगळे स्लॉट भरून आणखी एक पार्क करायचा प्रयत्न करा आणि काय ऐकू येतं, कॉल कुठे जातो, ते नोंदवून ठेवा. सोमवारी सकाळी गर्दीत हे कधीतरी होणारच आहे.

दिवे लागत नसतील तर आधी ॲस्टरिस्कच्या कन्सोलवर ‘कोअर शो हिंट्स’ चालवा. ७१ ते ७४ तिथे दिसत नसतील तर बीएलएफ सेटिंग बंद आहे किंवा ॲप्लाय राहिलं आहे. दिसत असतील आणि त्यांच्यापुढे वॉचर (स्थिती पाहणारे फोन) शून्य असतील तर फोनने त्या स्लॉटची स्थिती मागितलेलीच नाही: बटणाचा प्रकार किंवा लाइन चुकली आहे, नाहीतर फोन रीस्टार्ट करायचा राहिला आहे. ‘पार्किंग शो’ या आज्ञेने लॉट आणि त्यात आत्ता कुठले कॉल आहेत ते दिसतं.

## किंवा *२ दाबूनही काहीच होत नसेल तर दोन शक्यता. एक, सिस्टीमच्या डायल ऑप्शन्समध्ये टी ही परवानगी नाही. छोटी टी कॉल घेणाऱ्याला, मोठी टी कॉल लावणाऱ्याला ट्रान्सफर करू देते. दोन, दाबलेले आकडे आवाजात मिसळून जात आहेत आणि जी.७२९ सारख्या कोडेकमध्ये (आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीत) विरून जातात. फोन आणि ट्रंक दोन्हीकडे डीटीएमएफ (आकडे दाबल्याचे स्वर) आरएफसी ४७३३ या मानकावर ठेवा. काही मेन्यूंत हेच अजून २८३३ या जुन्या क्रमांकाने दिसतं.

कॉल पार्क झाल्यावर नेमक्या ठराविक वेळाने तुटत असेल, आणि तो वेळ तुमच्या टाइमआउटपेक्षा कमी असेल, तर संगीत खरोखर वाजतंय का ते बाहेरच्या फोनवर ऐका. दोन वेगळ्या सर्व्हर असलेल्या शाखांमध्ये एका ठिकाणचा स्लॉट दुसरीकडून उचलता येत नाही, कारण कॉल एकाच सर्व्हरवर बसलेला असतो. तो बिघाड नाही. तशी गरज असेल तर दोन्हीकडच्या स्लॉटचे नंबर वेगळे ठेवून मधल्या ट्रंकवरून रूट करावं लागतं.

लोकांच्या हाती देताना

पुकारा करण्याची एक ठरलेली पद्धत हवी: विभाग किंवा व्यक्ती, मग स्लॉट, आणि तेच दोनदा. ‘हिशेब विभाग, बहात्तर. हिशेब विभाग, बहात्तर.’ ग्राहकाचं नाव, त्याचं काम, त्याची थकबाकी हे स्पीकरवर कधीच नाही. पुकाऱ्याऐवजी चॅट वापरत असाल तर एका ठरलेल्या ग्रुपवर तेवढेच शब्द टाका आणि कॉल घेणाऱ्याने ‘घेतला’ असं लिहावं, म्हणजे दोघं एकदम धावणार नाहीत.

पार्क करण्याआधी ग्राहकाला सांगा की त्यांना शोधतो आहोत, मिनिटभर लागेल. परत आलेला कॉल घेतला की पुन्हा पार्क करायचा नाही, नाव-नंबर घेऊन ‘ते तुम्हाला फोन करतील’ असं सांगायचं. दुसऱ्यांदा पार्क करणारं ऑफिस तिसऱ्यांदाही करतं. प्रत्येक फोनपाशी चिकटवायच्या चिठ्ठीवर तीनच ओळी लिहा: पार्क करायला ७०, उचलायला लाल बटण किंवा ऐकलेला नंबर, पडद्यावर ‘परत’ दिसलं तर निरोप लिहून घ्या.